रन (इंग्रजी क्रियापद)

रन : पायांनी वेगाने जाणे हा मूळ अर्थ असलेले इंग्रजी क्रियापद. रूपे रन, रॅन, रन. जर्मन भाषेतले 'रेनेन' हे त्याचे भावंड. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने तिला मागे टाकले आणि त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले.

शाळेत 'रन म्हणजे पळणे' असे पाठ होते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 'शी रन्स अ मेस' याचे 'ती मेस पळवते' होऊन बसते. सदाशिव पेठेतल्या काकू मेस चालवतात. दुकान, यंत्र, शिकवणी, संस्था, सगळीकडे 'रन'ला 'चालणे'च लागू पडते. मुलांना हाच अर्थ पळण्याच्या जोडीने पहिल्या दिवशी सांगायला हवा. शिवाय मराठीत चालणे-चालवणे, पळणे-पळवणे असे रूपच बदलते. इंग्रजीत शब्द तोच राहतो. पुढे कर्म आहे का, ते पाहून अर्थ लावावा लागतो.

पातळ पदार्थांपाशी मराठी एका शब्दावर भागवत नाही : नदी वाहते, नाक गळते, नव्या साडीचा रंग जातो. इंग्रजीत तिन्हींना 'रन' चालते. गाड्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा जुळतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन मराठीतही पुणे-मुंबई 'धावते'.

'रन आउट' क्रिकेटमध्ये धावबाद, एरवी संपणे. इथे कर्त्याकडे लक्ष द्यावे. 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क' यात कर्ता 'आम्ही'. मराठीत 'दूध संपलंय', म्हणजे कर्ता दूधच. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, किंवा जाऊन धडकणे.

पुण्याच्या बोलण्यात हा शब्द 'करणे', 'होणे' यांचा हात धरून येतो. हिंजवडीत 'कोड रन होत नाहीये', गल्लीत 'पळून दोन रन काढले'. 'रनिंग' तर पुरते मराठी झाले आहे. पहाटे हनुमान टेकडीवर लोक 'रनिंगला' जातात. जुनी दुचाकी बघायला आलेला माणूस आधी वाकून मीटर पाहतो आणि विचारतो, ''रनिंग किती झालंय?'' सुतार ओट्याखालच्या ट्रॉल्यांचा भाव 'रनिंग फुटा'वर सांगतो, म्हणजे नुसत्या लांबीवर. उंची-खोली त्यात मोजत नाहीत.