कोंबड्यांच्या आवारातील चिखल व जमिनीचे आच्छादन

घरामागे पाळलेल्या कोंबड्यांना दिवसा हिंडता यावे म्हणून खुराड्याला जोडून जाळीने बंदिस्त केलेले आवार ठेवतात. तेथे चिखल होऊ न देणे आणि जमिनीवर कोरडे, उकरता येईल असे आच्छादन राखणे हा लहान प्रमाणावरील कुक्कुटपालनाचा मूलभूत भाग आहे. खाद्य आणि खुराड्याची बांधणी यांच्या मानाने कोंबडीच्या पायाखालच्या जमिनीकडे फार कमी लक्ष दिले जाते, ही मोठी उणीव होय.

कोंबडी दिवसाचा बराच वेळ माती उकरण्यात घालवते. कोवळे गवत ती टोचून खाते, उरलेले मुळासकट उपसते आणि दाटीच्या आवारात काही आठवड्यांतच जमीन उघडी पाडते. माती धरून ठेवणारी मुळे गेली, की पायांच्या सततच्या तुडवण्याने ती घट्ट होते. तिच्यावर पडणाऱ्या विष्ठेत सुमारे ७५ टक्के पाणी असते. विष्ठा आणि मातीचे बारीक कण मिसळून पृष्ठभागावर काळसर, चिकट थर बसतो, त्याने मातीची छिद्रे बुजतात आणि थोड्या पावसाचे पाणीही साचून राहते.

अशा ओलाव्यात रोग फोफावतात. रक्ती हगवणीच्या परजीवींची बीजकोशे उबदार, दमट जागी एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात, तर गोलकृमींची अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतात. सतत ओल्या राहणाऱ्या तळव्याची कातडी मऊ पडते, लहानशा जखमेतून जिवाणू आत शिरतात आणि तळवा सुजून त्यावर काळी खपली धरते. लंगडणारी कोंबडी उचलून तिचा पाय उलटा करून पाहिला, तर पुष्कळदा हेच आढळते. चिखलाचे पाय घरट्यात गेले की अंडीही माखतात.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाण्याला वाट, मग आच्छादन. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या छपरावरून ५० मिलिमीटर पावसात ५०० लिटर पाणी ओघळते. ते आवारातच पडत असेल, तर कोणतेही आच्छादन पुरे पडणार नाही. म्हणून छपराला पन्हळ लावावी, चढाच्या बाजूने येणारे पाणी अडवण्यासाठी आवाराबाहेर चर खणावा आणि जमिनीला खुराड्यापासून दूर जाणारा हलका उतार द्यावा. साचलेला चिखलाचा थर काढल्यावाचून त्यावर पेंढा पसरणे ही नेहमीची चूक आहे. पेंढा चिखलात रुततो, दबून त्याची चटई होते आणि खाली ती कुजू लागते.

आच्छादनासाठी लाकडाच्या जाडसर ढलप्या सर्वांत उपयुक्त ठरतात, कारण त्यांच्यामधून पाणी खाली उतरते आणि त्या सावकाश कुजतात. त्यांचा थर १५ ते २० सेंटिमीटर असावा. वाळलेला पालापाचोळा कोंबड्यांना फार आवडतो, परंतु तो लवकर संपतो. बारीक भुसा उघड्यावर ओला होऊन गोळा होतो. जाड वाळू निचऱ्यास चांगली असते, मात्र तिच्यावरील विष्ठा वरचेवर दंताळ्याने काढावी लागते. बुरशी आलेले गवत किंवा पेंढा टाकू नये, त्याने श्वसनमार्गाला अपाय होतो. रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा चुराही वर्ज्य मानावा.

ढलप्या आणि पाने यांतील कर्ब व विष्ठेतील नत्र एकत्र येऊन हळूहळू खत तयार होते आणि कोंबड्यांच्या उकरण्याने ते आपोआप वरखाली होत राहते. मूठभर आच्छादन दाबून पाहावे: पाणी निथळले तर ते अति ओले आहे, हात उघडताच सुटे झाले तर ठीक आहे. अमोनियाचा उग्र वास आल्यास वाळकी सामग्री वाढवावी.

दाटीच्या आवारात गवत टिकवायचे असेल, तर जागेचे भाग करून ते आळीपाळीने मोकळे ठेवावे लागतात, किंवा गवताच्या पट्ट्यावर जाळीची चौकट जरा उंच बसवावी, म्हणजे वर आलेली पातीच खाल्ली जाते आणि मुळे वाचतात. छपराखालचा एक कोपरा मात्र आच्छादनाविना ठेवावा, कारण अंगावरील उवा झटकण्यासाठी कोंबड्या कोरड्या मातीत लोळतात.