साच्यांची काटकसर: ‘स्टार ट्रेक’च्या फिगर्सची पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला गॉर्न हा सरड्यासारखा परग्रहवासी. खेळणी बनवणाऱ्या मेगो या अमेरिकी कंपनीने १९७५ साली काढलेली त्याची फिगर, म्हणजे खेळण्यातला पुतळा, पाहून मालिका पाहिलेला माणूस आधी बुचकळ्यातच पडतो. पडद्यावरचा गॉर्न हिरवट आणि धिप्पाड, अंगात भडक झगा. मेगोचा गॉर्न मात्र तपकिरी, शेलाट्या अंगाचा आणि चक्क क्लिंगॉन या दुसऱ्याच परग्रहवासी जमातीच्या कपड्यांत. त्याचे डोके तर ‘स्टार ट्रेक’चे नाहीच. मेगोकडे स्पायडर-मॅनच्या मालिकेतल्या ‘लिझार्ड’चा साचा तयार होता, त्याचेच डोके तपकिरी रंगात ओतून इथे बसवले. आज याच ओढूनताणून जमवलेल्या गॉर्नसाठी संग्राहक चांगले पैसे मोजतात. ‘स्टार ट्रेक’च्या फिगर्समध्ये काय दुर्मीळ आणि का, याचे उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर नसते, ते कारखान्याच्या हिशेबात असते.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्दच मुळात विक्रीच्या सोयीसाठी जन्मला. १९६४ साली हॅस्ब्रोने बारा इंची जी. आय. जो बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुली खेळणार नाहीत, या धास्तीने ‘बाहुली’ हा शब्द टाळला. आपल्याकडच्या ज्या पिढीने फनस्कूलचे जी. आय. जो हाताळले, तिला त्याचा छोटा अवतार ओळखीचा आहे, आणि फनस्कूलचा कारखाना तर गोव्यातलाच. ‘स्टार ट्रेक’ आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनमुळे पोचली. तिची खेळणी मात्र मुख्यतः अमेरिका आणि युरोपच्या बाजाराचीच राहिली.

मूळ मालिका एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात ७९ भाग चालली आणि बंद पडली. ती खरी लोकप्रिय झाली ती स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रसारणामुळे. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले, १९७३ मध्ये कार्टून मालिका आली. म्हणजे मेगोने १९७४ साली फिगर्स काढल्या, तेव्हा मूळ मालिका संपून पाच वर्षे झाली होती.

मेगोची पद्धत साधी होती. आठ इंची एकच धड; वेगळे असायचे ते डोके आणि कपडे. धडाचा साचा महाग पडतो, डोक्याचा त्यामानाने स्वस्त, आणि कपडे शिवून घेता येतात. कर्क, स्पॉक, मॅकॉय आणि स्कॉटी हे मालिकेतल्या एंटरप्राइज यानावरचे चौघे एकाच अंगाचे आहेत. क्लिंगॉनही त्याच धडावर उभा आहे. सुरुवातीच्या कार्डावर, म्हणजे पाकिटाच्या पुठ्ठ्यावर, या पाच जणांचे चेहरे छापले होते. यानावरची उहुरा सामील झाल्यावर कार्ड सहा चेहऱ्यांचे झाले. म्हणून पाच चेहऱ्यांचे कार्ड आधीचे आणि कमी दिसणारे. बंद पाकीट हातात आले की संग्राहक आतली फिगर नंतर पाहतो, आधी चेहरे मोजतो.

तारीख ठरवताना नवखे इथेच फसतात. धडाच्या पाठीवर मेगोचे नाव आणि १९७४ हे साल कोरलेले असते, मानेच्या मागे मालिकेचे हक्क असलेल्या पॅरामाउंट स्टुडिओची हक्कनोंद. ही साले साच्याची आणि हक्काची आहेत, बनवण्याची नव्हेत. १९७६ मध्ये ओतलेल्या धडावरही १९७४च दिसते. मेगोची त्याआधीची धडे वेगळी होती. त्यांच्या गुडघ्या-कोपरांत धातूच्या खिळ्या दिसतात. पुढच्या धडांत त्या जागी प्लॅस्टिकच्या खुंट्या आल्या. ‘स्टार ट्रेक’च्या फिगर्स बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. तेव्हा धातूच्या खिळ्यांच्या अंगावर कर्कचे डोके दिसले, तर ती दोन तुटक्या फिगर्सची एक केलेली असण्याची शक्यता जास्त.

१९७५ मध्ये परग्रहवासी आले: नेपच्यूनियन, कीपर, गॉर्न आणि शेरॉन. पुढच्या वर्षी आणखी चार: अँडोरियन, रोम्युलन, टॅलॉस, मुगाटो. अशा एकूण चौदा फिगर्स. या आठांची नावे वाचली, तरी घाई कळते. शेरॉन हे मालिकेत ग्रहाचे नाव आहे, माणसाचे नाही. टॅलॉसचेही तेच. नेपच्यूनियन मालिकेत कुठेच नाही. कीपरचे डोके पाहा: शेवटच्या श्रेयनामावलीत दिसायचा, तो बेलॉकचा भीतिदायक पुतळा, आणि नाव मात्र टॅलॉस ग्रहावरच्या पात्राचे. मुगाटो हा पडद्यावर पांढऱ्या केसाळ कातडीचा रानटी प्राणी, इथे त्याला शिवलेले कपडे घातले आहेत. तरीही मेगोला हसण्यात अर्थ नाही. शेवटचे चार थोडाच काळ दुकानांत राहिले, त्यामुळे आज चौदांतले महागडे तेच. रोम्युलन तर शिरस्त्राणासकट मिळणे मुश्कील, कारण खेळताना पहिले हरवते ते शिरस्त्राण.

त्या काळातली खरी कल्पक वस्तू म्हणजे यूएसएस एंटरप्राइज या यानाचा संच. पुठ्ठ्यावर छापील व्हिनाइल चढवून केलेली, दुमडून पेटीसारखी नेता येणारी खोली. आत कॅप्टनची खुर्ची, स्टुले, कन्सोल आणि पडद्यात सरकवायची चित्रे. एका बाजूला ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारे मालिकेतले यंत्र: उभ्या पिंपात फिगर ठेवायची, वरची मूठ फिरवायची आणि बटण दाबून थांबवायचे. एका बटणावर फिगर दिसते, दुसऱ्यावर रिकामा कप्पा समोर येतो. जुना संच घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. दुमडीवरचे व्हिनाइल तडकले आहे का, आतला पुठ्ठा ओल लागून फुगला आहे का, आणि पिंप दोन्ही बटणांवर अडते का. बटणाचा आतला दात झिजला की पिंप नुसतेच फिरत राहते.

मेगोचा उतारही साच्यांतूनच सुरू झाला. १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे हक्क मेगोला मिळण्यासारखे होते, ते तिने घेतले नाहीत. केनर या दुसऱ्या खेळणी कंपनीने घेतले आणि पावणेचार इंच ही नवी मापाची रीत पाडली. लहान फिगरला प्लॅस्टिक कमी, कापड शून्य, आणि तिच्या मापाची अंतराळयानेही विकता येतात, असा त्यामागचा हिशेब. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी मेगोनेही पावणेचार इंची बारा फिगर्स काढल्या. त्यांतले सहा परग्रहवासी अमेरिकेच्या दुकानांत धड पोचलेच नाहीत, ते मुख्यतः युरोपात, विशेषतः इटलीत विकले गेले. १९८२ मध्ये मेगोने दिवाळखोरी जाहीर केली. मधल्या काळात अर्टल कंपनीने १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी चार फिगर्स काढल्या, त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

‘नेक्स्ट जनरेशन’ ही ‘स्टार ट्रेक’ची पुढची मालिका १९८७ मध्ये सुरू झाली आणि १९८८ मध्ये गालूब कंपनीने तिचा पावणेचार इंची संच आणला. पिकार्ड, रायकर, डेटा, वॉर्फ, जॉर्डी, टाशा यार. मागोमाग फेरेंगी, क्यू, सेले, अँटिकन. यार मालिकेच्या पहिल्याच पर्वात मरते, त्यामुळे तिची फिगर बाजारात कमी पडली. पण संग्राहक अडून बसतात ते डेटावर. त्याच्या चेहऱ्याचा रंग उत्पादनात बदलत गेला: एक निळसर, एक ठिपक्यांचा, एक साध्या कातडीच्या रंगाचा. निळसर सगळ्यांत दुर्मीळ. उन्हात ठेवून किंवा रंग फासून ‘निळा डेटा’ बनवणारे लोकही आहेत. मानेच्या घडीत आणि केसांच्या कडेला भिंग लावून पाहावे. नंतर फासलेला रंग घडीत साचतो.

१९९२ साली प्लेमेट्स ही कंपनी आली आणि सगळे बदलले. सुमारे पावणेपाच इंच, पहिल्या फळीत दहा पात्रे, सोबतची हत्यारे एका रंगात ओतलेली, आणि तळपायावर छापलेला क्रमांक. हा क्रमांक त्या-त्या फिगरच्या उत्पादनातला असतो. कमी क्रमांकाला मान आहे, पण प्लेमेट्सने ज्या संख्येने माल काढला, ती पाहता नुसत्या क्रमांकावर दुर्मिळता ठरत नाही. नव्वदच्या दशकातल्या सर्वसाधारण प्लेमेट्स फिगर्स बंद पाकिटात ठेवल्या, तरी अजून स्वस्तच आहेत. कारण सोपे: त्या वेळी घेणाऱ्यांनीच त्या न उघडता जपून ठेवल्या.

आणि मग १९९६. प्लेमेट्सने तीन फिगर्स मुद्दाम मर्यादित काढल्या: ‘टेपेस्ट्री’ या भागातला पिकार्ड आणि ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ या भागातली यार प्रत्येकी १,७०१, आणि बार्कली ३,०००. एंटरप्राइजचा क्रमांक १७०१, म्हणून हा आकडा. अमेरिकाभरच्या दुकानांत १,७०१ नग म्हणजे बहुतेक दुकानांत एकही नाही. पूर्ण संच जमवणाऱ्या साध्या ग्राहकाला दोन तुकडे कायमचे कमी पडले, नाहीतर दलालाला मोजावे लागले. अनेकांनी रागाने संग्रहच सोडला. मेगोचा मुगाटो कमी पडला तो विक्री थांबल्याने, इथे तुटवडा कारखान्यात मोजून बनवला गेला. दोन्ही दुर्मीळच, पण एकीची किंमत आपोआप वाढली आणि दुसरीची वाढवली गेली, हे जाणकार वेगवेगळेच मोजतात.

फिगर टिकते कशावर, तेही साच्याच्या मालावरच ठरते. मेगोची डोकी मऊ व्हिनाइलची, धड कडक प्लॅस्टिकचे, आणि सांधे आतल्या रबरी बंदाने ताणलेले. पन्नास वर्षांत रबर सुकते आणि हात-पाय लोंबतात. डोके काढायचे तर आधी ते कोमट पाण्यात किंवा हेअर ड्रायरने मऊ करावे. थंड व्हिनाइल ओढले, की मानेची कड फाटते. मऊ व्हिनाइलमधले तेलकट द्रव्य कडक प्लॅस्टिकमध्ये उतरते आणि तिथे वितळल्यासारखे डाग पडतात, म्हणून बूट आणि हत्यारे अंगाला चिकटवून वर्षानुवर्षे ठेवू नयेत. मुंबई-कोकणच्या दमट उष्म्यात हेच द्रव्य पृष्ठभागावर येऊन फिगर चिकट होते. पातळ साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवावी, पण कपडे आधी काढून. कच्च्या रंगाचे कापड भिजले, की डाग धडावर कायमचा बसतो. ठेवताना पीव्हीसीची पिशवी टाळावी, पॉलिप्रोपिलिनची घ्यावी, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि उन्हापासून लांब ठेवावे, कारण कार्डावरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा पिवळा पडतो तो प्रकाशाने. विजेरीच्या सेलवर चालणाऱ्या प्लेमेट्सच्या जहाजांतले सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेलने ओकलेली पांढरी साय व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, पण गंजलेली पट्टी परत चमकत नाही.

मेगो पद्धतीच्या ‘स्टार ट्रेक’ फिगर्स २००० च्या दशकात डायमंड सिलेक्ट आणि ईएमसीई या कंपन्यांनी पुन्हा काढल्या, आणि प्लेमेट्स २०२२ मध्ये परतली. नव्या मालामुळे जुन्या मूळ मालाची किंमत पडलेली नाही, पण सुट्या हत्यारांचा घोळ मात्र वाढला आहे. मालिकेतली फेझर (बंदूक), कम्युनिकेटर (संपर्कयंत्र), ट्रायकॉर्डर (तपासणीयंत्र) ही साधने नवी सहज मिळतात आणि जुन्या धडाच्या पट्ट्यात ते अगदी ठीक बसतात. घेताना विक्रेत्याला एवढेच विचारावे, की हत्यार या फिगरसोबतच आले होते का, आणि उत्तर लेखी मागावे.