डोहाळ्याच्या ओकाऱ्या कुठवर आणि दवाखाना कुठून

"होतंय की गे सगळ्यांनाच." बेळगाव, खानापूर, निपाणीकडं दिवस गेलेल्या सुनेला हे वाक्य आठवड्यातून चारदा तरी ऐकावं लागतं. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही असतं. शंभर गरोदर बायकांत सत्तर-ऐंशी जणींना पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होते आणि निम्म्याजणींना ओकाऱ्याही होतात. अडचण येते ती शंभरातल्या फार तर दोघीतिघींची. त्यांना होतात त्या टोकाच्या ओकाऱ्यांना डॉक्टर हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम म्हणतात. घरात मात्र त्यांचीही गणती डोहाळ्यातच होते आणि तिथंच घोटाळा होतो.

सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजले तर सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते, नवव्याच्या सुमाराला जोर धरते आणि बारा ते सोळा आठवड्यांत बहुतेकींची ओसरते. ती फक्त सकाळीच होते असंही नाही. कित्येकींना दिवे लागणीलाच जास्त त्रास होतो. दोन्हीचं मूळही एकच असावं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, जीडीएफ15 नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडते आणि ते मेंदूतल्या ओकारीच्या केंद्रावर काम करतं. गरोदर होण्याआधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला ही अचानक झालेली वाढ जास्त बाधते, असं डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढं आलं. म्हणजे जी बाई पाण्याच्या घोटानंही ओकते ती नाटकं करत नाही, की तिचं मन कच्चं आहे असंही नाही. आईला किंवा सख्ख्या बहिणीला असा त्रास झाला असेल तर तिलाही होण्याचा संभव जास्त. जास्त ओकाऱ्या म्हणजे मुलगी, या अंदाजाबद्दल मी काही लिहीत नाही. तो करायचाच कशाला?

आता फरक. घरात पहिला प्रश्न असतो, "किती वेळा ओकलीस?" मला तो दुसऱ्या नंबरचा वाटतो. दिवसातून चारदा ओकूनही मधल्या वेळेत अर्धी भाकरी, वाटीभर पेज, थोडं ताक जिच्या पोटात राहतं, ती बहुधा साध्या डोहाळ्यात आहे. दोनदाच ओकलेली, पण भीतीनं पाणीच न प्यायलेली बाई जास्त काळजीची. म्हणून आधी विचारावं ते लघवीचं. सकाळपासून किती वेळा झाली, रंग कसा होता? साध्या त्रासात लघवी फिकट असते आणि दर काही तासांनी होते. आठ तास लघवीच झाली नाही, किंवा झाली ती चहासारखी गडद आणि घोटभरच, तर अंगातलं पाणी आटलंय. तेव्हा आलं-लिंबू करत बसायचं नाही.

दुसरी खूण वजनाची. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती साधी मळमळ नव्हे. आधी 46 किलो असलेल्या मुलीच्या बाबतीत ही घट होते 2.3 किलो. आकडा लहान दिसतो, त्यामुळं कुणाच्या नजरेत भरत नाही. त्यात सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे. त्रास सुरू झाला की मुलीला चार दिवस विश्रांतीला माहेरी धाडतात, आणि माहेर कित्येकदा चंदगड, गडहिंग्लजकडं, म्हणजे दुसऱ्या राज्यात. इथलं ताई कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्या लिहायचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड, सासरी कपाटात राहतं, तिथं दुसऱ्याच काट्यावर वजन होतं आणि दोन आकड्यांची गाठच पडत नाही. कार्ड सोबत न्यावं. निघायच्या आदल्या दिवशी उपकेंद्रात वजन करून त्यावर लिहून घ्यावं. दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलणारी आणि सून मराठी असली तरी कागदावरचे आकडे कुणालाही वाचता येतात. वजन, लघवी किती वेळा, शेवटचं काय आणि कधी पोटात राहिलं, एवढं लिहून नेलं की निम्मं काम झालं.

तिसरी खूण उभं राहण्याची. साध्या डोहाळ्यात बाई कंटाळते, झोपून राहावंसं वाटतं, पण उठून न्हाणीघरापर्यंत जाते. दुसऱ्यात उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, ओठ सुकतात, छाती धडधडते. चोवीस तास काहीच पोटात राहिलं नाही किंवा ओकारीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जावं. गाडीची सोय नसली तर 108 आहेच.

साध्या त्रासाचं बरंचसं घरीच निभावतं, आणि त्यात स्वयंपाकघराचा वाटा मोठा. लसणीची फोडणी हा पहिला शत्रू. सुक्या मासळीचा डबा दुसरा. खानापूरकडं पावसाळ्यात ओली लाकडं चुलीत घातली की धुरानंच उमासे येतात. पहिले दोन-तीन महिने फोडणी दुसऱ्या कुणी घालावी, आणि तो 'दुसरा' घरातला पुरुष असला तरी आभाळ कोसळत नाही. गार झालेल्या जेवणाला वास कमी असतो, म्हणून गरम आमटी-भातापेक्षा गार दहीभात सोसतो. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. उशाशी चुरमुरे, खारी नाहीतर फुटाणे ठेवावेत, उठण्याआधी चारदोन दाणे चावावेत आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाय खाली टाकावेत. नाचणीची आंबील, उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेलं ताक घोटघोट घ्यावं, जेवणाबरोबर तांब्याभर पाणी पिऊ नये. आल्याचा उपयोग होतो, हे अभ्यासातूनही दिसलंय. आलेपाकाची वडी चघळायला काहीच हरकत नाही. अंगणवाडीत कर्नाटक सरकारच्या मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण मिळतं, पण सांबाराच्या वासानंच ढवळायला लागलं तर निदान अंडं आणि शेंगदाण्याची चिक्की तरी सोडू नये. ओकारीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लानं दात झिजतात. नुसती चूळ भरावी.

मिश्रीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती आपल्याकडं घराघरात आहे. सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावली की मळमळ दबते असं बायका सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. रिकाम्या पोटी निकोटिन गेलं की मळमळ उलट वाढते, आणि पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं ते वेगळंच. निपाणीच्या वखारीत किंवा तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात शिरतं आणि मळमळ, ओकारी, चक्कर तिन्ही होतात, मग ती गरोदर असो वा नसो. काम बंद असलेल्या दिवशी तिला स्पष्ट बरं वाटत असेल तर सगळा दोष डोहाळ्यांना देऊ नये. दिवस गेलेल्या बाईनं त्या कामाला हात न लावणं हेच बरं.

लोहाच्या गोळ्यांनीही मळमळते. त्या सरकारी वेळापत्रकानुसार चौथ्या महिन्यापासून असतात; पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं, आणि ते पोटाला जड जात नाही. ते मात्र टाकू नये.

ओकारीच्या गोळीला बायका घाबरतात. ही भीती हवेतली नाही. 1957 मध्ये जर्मनीत विकायला आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली; 1961 मध्ये ते औषध तिथं मागं घेतलं गेलं. पण आज डॉक्टर पहिल्यांदा देतात ती डॉक्सिलामाइन आणि बी6 जीवनसत्त्वाची जोडगोळी वेगळी आहे. तीही अमेरिकेत खटल्यांच्या कटकटीमुळं कंपनीनं 1983 मध्ये बंद केली होती. दोष सिद्ध झाला नाही आणि 2013 मध्ये तिला तिथं पुन्हा मंजुरी मिळाली. गोळी रात्री घेतल्यावर झोप येते, एवढी तयारी ठेवावी. मेडिकल दुकानातून मनानं कुठलीही गोळी आणणं वेगळं आणि डॉक्टरनं लिहून दिलेली घेणं वेगळं.

आणि ती बाटली. "एक ग्लुकोजची बाटली लावून टाका डॉक्टर, अशक्त झालीया." साध्या डोहाळ्यात तिची गरज नसते, पैसे तेवढे जातात. गंमत अशी की जिथं खरंच सलाईन लागतं तिथं नुसतं ग्लुकोज धोक्याचं. आठवडे न आठवडे ओकणाऱ्या बाईच्या अंगातलं बी1 जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दवाखान्यात आधी मिठाचं सलाईन आणि बी1 देतात. पोटॅशियम, थायरॉइड आणि लघवी तपासतात, आणि जुळं किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारच द्राक्षाच्या घोसासारखी वाढते तो) नाही ना, हे सोनोग्राफीत पाहतात. वजन फार घटलेलं असूनही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कुणी बाटलीच लावायला निघालं तर "आधी बी1 देणार का?" एवढं विचारायला नातेवाइकांनी लाजू नये.

काही ओकाऱ्या या दोन्हीपैकी कशातच बसत नाहीत. दहाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या, ताप असलेल्या, पोटात एका बाजूला दुखणाऱ्या, लघवीला जळजळ होणाऱ्या, किंवा डोळे पिवळे दिसणाऱ्या. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईला विशेष घातक असते. अशा वेळी आजीच्या अनुभवावर विसंबू नये.

एका बाळंतपणात दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलेल्या बाईला पुढच्या वेळीही तोच त्रास होण्याची शक्यता बरीच असते. तिनं पाळी चुकली की लगेच डॉक्टरला मागची हकीकत सांगावी, जुनं कार्ड दाखवावं आणि ओकाऱ्यांनी जोर धरायच्या आधीच गोळी सुरू करायची का ते विचारून घ्यावं.