अंडपेशी हाती येईपर्यंत : फलन संशोधनाची पार्श्वभूमी

माणसाची अंडपेशी अंडाशयातून सुटली की जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. फुलझाडाची अंडपेशी मात्र कुठेच जात नाही. ती बीजांडातल्या भ्रूणकोषात बसून असते आणि परागकणातून फुटणारी परागनलिका कुक्षीवरून, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावरून, वाट काढत तिच्यापर्यंत येते. त्यामुळे माणसाच्या बाबतीत संशोधकांना वेळ गाठायची होती, झाडाच्या बाबतीत जागा.

सस्तन प्राण्याची अंडपेशी पहिल्यांदा ओळखली गेली ती १८२७ साली, कुत्रीच्या अंडाशयात. त्यानंतरही वनस्पतिशास्त्रात काही वर्षं असं मत जोरात होतं, की परागनलिकेचं टोकच पुढे गर्भ होतं. ते मागे पडलं. १८९८ मध्ये कीव्हच्या एका संशोधकाने लिली कुळातल्या फुलांत द्विफलन दाखवलं : एक पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, अंडपेशीशी जुळतं, दुसरं मध्यवर्ती पेशीशी. या दुसऱ्या मीलनातून भ्रूणपोष, म्हणजे बियातला गर्भाला पोसणारा भाग, तयार होतो. तांदूळ, गहू, नारळाचं खोबरं, शहाळ्याचं पाणी हे सगळं तेच.

स्त्रीच्या शरीरातली वेळ समजायला याहून उशीर लागला. अंडपेशी साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटते, हे जपान आणि ऑस्ट्रियात १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलं गेलं. तोवर ती पाळीच्या आसपास सुटते असं मानणारे डॉक्टर बरेच होते आणि ‘सुरक्षित दिवसां’चा सल्ला त्यावरूनच दिला जात होता.

भारताचं नाव या इतिहासात आधी येतं ते वनस्पतींमुळे. १९६२ मध्ये दिल्लीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अफूच्या झाडाची बीजांडं पोषक माध्यमावर ठेवून त्यांच्यावर थेट परागकण टाकले. कुक्षी नाही, तिच्याखालचा दांडा म्हणजे कुक्षीवृंत नाही, तरी परीक्षानळीत फलन झालं आणि बी धरलं. अंडपेशी बीजांडाबाहेर काढलेली नव्हती, फक्त तिच्यापर्यंतचा रस्ता तोडून आखूड केला होता. सुटी अंडपेशी आणि सुटं पुंयुग्मक जुळवून मक्याचं पूर्ण, फळणारं रोप उभं करायला १९९३ उजाडलं, तेही जर्मनीत.

आता १९७८. या वर्षाकडे जरा थांबून पाहायलाच हवं. २५ जुलैला इंग्लंडमध्ये शरीराबाहेरच्या फलनातून जगातलं पहिलं मूल जन्मलं. ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात दुसरं जन्मल्याचं तिथल्या एका प्राध्यापक डॉक्टरांनी सांगितलं. दोन्हीकडच्या पद्धती वेगळ्या होत्या. इंग्लंडच्या गटाने संप्रेरकं न देता, नैसर्गिक चक्रात तयार झालेली एकच अंडपेशी दुर्बिणीने पोटातून काढली. त्यासाठी लघवीतल्या संप्रेरकाची पातळी सतत तपासत राहावं लागलं, कारण ती वाढू लागली की अंडपेशी सुटायला थोडेच तास उरतात. कलकत्त्यात इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त अंडपेशी वाढवल्या गेल्या, त्या योनिमार्गातून काढल्या, आणि भ्रूण ५३ दिवस गोठवून नंतरच्या चक्रात गर्भाशयात सोडला. आज वंध्यत्वाच्या दवाखान्यांत रोज चालतं ते काम या दुसऱ्या वाटेच्या अधिक जवळचं आहे.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. मानवी अंडपेशीचं शरीराबाहेर फलन स्वतः केलेलं समितीत कोणीही नव्हतं. दावा फेटाळला गेला. समितीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते : छापील पुरावा तुटपुंजा होता, एक छोटं टिपण आणि परिषदेतलं निवेदन एवढाच. मूल ज्यांचं, ते कुटुंब लोकांसमोर यायला तयार नव्हतं. त्या काळात ते स्वाभाविकही होतं. पण पुरावा अपुरा वाटला तर प्रयोग पुन्हा करून दाखवायला जागा, साधनं आणि वेळ द्यायची असते. इथे उलट घडलं. त्या डॉक्टरांना जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी नाकारली गेली आणि पुढे त्यांची बदली नेत्रविकाराच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणातून गर्भधारणा झाल्याचं ऑस्ट्रेलियातून जाहीर झालं ते १९८३ मध्ये.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत, परळच्या महापालिका रुग्णालयात, शरीराबाहेरच्या फलनातून मुलगी जन्मली आणि ‘भारतातलं पहिलं’ हा मान तिच्या जन्माला मिळाला. नोंदी नीट ठेवलेलं हे पहिलंच यश होतं, यात शंका नाही. मात्र या कामात शास्त्रीय बाजू सांभाळणाऱ्या संशोधकानेच १९९७ मध्ये कलकत्त्यातल्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि पहिलेपणाचा मान त्या डॉक्टरांचा आहे, असं लेख लिहून जाहीर केलं. स्वतःच्या चमूचं श्रेय असं दुसऱ्याच्या स्वाधीन करणारे लोक विज्ञानात फार नाहीत. कलकत्त्याच्या त्या मुलीनेही पुढे मोठी झाल्यावर स्वतःची ओळख उघड केली.

यानंतरच्या वर्षांत प्रश्न पेशींच्या पातळीवर गेले. २००९ मध्ये जपानी संशोधकांना अंडपेशीशेजारच्या सहायक पेशींतून सुटणारी आणि परागनलिकेला शेवटच्या टप्प्यात ओढून घेणारी प्रथिनं सापडली. सस्तन प्राण्यांत शुक्रपेशीच्या पृष्ठावरचं, अंडपेशीशी मीलनाला लागणारं प्रथिन २००५ पासून माहीत होतं. अंडपेशीवरचा त्याचा जोडीदार २०१४ मध्ये उंदरात ओळखला गेला, आणि तो माणसातही आहे. झाडांच्या पुंयुग्मकांवरचं मीलनाचं प्रथिन २००६ मध्ये लिलीत मिळालं. तेच हिवतापाच्या परजीवीतही आहे, त्यामुळे हिवतापाचा प्रसार रोखणारी लस शोधणारे त्याच्या मागे लागले आहेत.

शरीराबाहेरच्या फलनासारख्या उपचारांसाठी भारतात कायदा आला तो २०२१ मध्ये. अंडपेशी देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त अंडपेशी घेऊ नयेत, असं तो सांगतो.