तबकडीच्या मापातला राग: सतारीच्या ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

सतारीच्या जुन्या रेकॉर्डवर आलाप तोकडा का, याचं उत्तर तबकडीच्या व्यासात आहे. दहा इंची, मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं चाले. बारा इंचीवर मिनिटभर जास्त. सोळा मात्रांच्या त्रितालातली मसीतखानी गत (संथ लयीतली बांधीव रचना) मिनिटाला 60 मात्रांनी धरली, तर एक आवर्तन 16 सेकंदांचं. तीन मिनिटांत आवर्तनं अकरा. गत मांडून चार तोडे (छोट्या ताना) घेतले की बाजू संपली. आलाप हवा तर गतीवर पाणी सोडायचं.

1902 साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि 1904च्या सुमारास इमदाद खाँ यांची सतार मेणावर उतरली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, समोर कर्णा. गायकाला निदान आवाज चढवता येई, सतारीची पंचाईत. नखीचा आघात उमटे, पण खर्ज (सर्वांत खालचे सूर) आणि तरफांच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, अकरा-तेरा तारांचं गुंजन विरून जाई. त्या रेकॉर्डवरून त्यांच्या वाद्याची जवारी (घोडीच्या घासणीने तारेला येणारा झंकार) कशी होती हे ठरवू नये. वेगही तपासावा: 74 फेऱ्यांवर घेतलेली तबकडी 78वर लावली तर षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकची सतार पांढरी दोनला बोलते. डिजिटल प्रतींमध्ये ही चूक सर्रास सापडते.

विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925नंतर आलं, नाद भरला, पण तीन मिनिटांचा काच तसाच राहिला. तो सुटला लाँगप्ले तबकडीमुळे. रविशंकरांची 1956ची ‘थ्री रागाज’ पाहा: एक अख्खी बाजू जोगला, सुमारे 28 मिनिटं, दुसरीवर अहिर भैरव आणि सिंहेंद्रमध्यमम् (हा मूळचा कर्नाटक पद्धतीतला). तबल्यावर चतुरलाल. बाजू इतकी लांबवली की चरे दाटीने कापावे लागतात, म्हणून आवाजाची पातळी उतरवावी लागते. खर्जाला तर रुंद चरा लागतो, त्यामुळे पहिला फटका त्यालाच.

खर्जाचा प्रश्न वाद्यातही होताच. रविशंकरांनी खर्जाच्या तारा ठेवल्या; विलायत खाँ यांनी त्या काढून गंधार-पंचम मिळवलेली सहा तारांची सतार रूढ केली. ध्वनिमुद्रिकेवर वादकाचं नाव नसेल तर तो कोणत्या वळणाचा हे ओळखायला आधी आलाप किती खाली उतरतो ते ऐकावं, मग जवारी खुली की बंद ते.

स्टुडिओपेक्षा मैफलीची टेप बरी, हे सतारवादक निखिल बॅनर्जींच्या बाबतीत विशेष खरं. ते 1986 साली गेले, त्यानंतर त्यांच्या कितीतरी मैफली सीडीवर आल्या. 74 मिनिटांच्या चकतीवर एकच राग पसरू शकतो, आणि मध्येच तार उतरली तर ती मिळवतानाचा आवाजही त्यात राहतो.