पार्श्वभूमी : बाकूचे तेल विद्यापीठ

अझरबैजानची राजधानी बाकू. शहराबाहेर सुराखानी येथे आतेशगाह हे जुने अग्निमंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवर देवनागरीत कोरलेले लेख आजही वाचता येतात. जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वालेपुढे हात जोडायला हिंदुस्थानी व्यापारी तिथवर जात. त्या ज्वालेखाली काय दडले आहे, ते शिकवणारी उच्च शिक्षणसंस्था बाकूत निघाली ती थेट १९२० साली. तोवर तेलाच्या धंद्यावर हे शहर गडगंज झालेले होते.

बीबी-हैबत येथे १८४६ मध्येच यंत्राने तेलविहीर खणली गेली होती, अमेरिकेतल्या एडविन ड्रेकच्या प्रसिद्ध पहिल्या तेलविहिरीच्या तेरा वर्षे आधी. बाकू तेव्हा रशियन साम्राज्यात होते. १८७२ मध्ये रशियन सरकारने मक्त्याची पद्धत मोडून तेलजमिनींचा लिलाव सुरू केला. पाठोपाठ तेलउद्योजक नोबेल बंधू (नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचे भाऊ) आले आणि १९०१ च्या सुमारास जगातले जवळपास निम्मे तेल बाकूतून निघत होते. मात्र अभियंते बहुतेक बाहेरचे आणि अंगमेहनत अझरबैजानी व इराणी मजुरांची. विहिरीतून तेलाचे कारंजे उसळले की ते आवरता येत नसे. दिवसचे दिवस तेल वाळूत वाहून जाई.

खाणकाम शिकवणाऱ्या संस्था तेव्हाही होत्या, पण तेलाचे दुखणे वेगळे. कोळशाच्या खाणीत माणूस उतरू शकतो, थर हाताने चाचपू शकतो. तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, प्रचंड दाबाखाली असते आणि तिथे कोणी जाऊन पाहू शकत नाही. दाब किती, छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत का, पाणी कुठून शिरते आहे, हे सगळे वरूनच ओळखायचे. त्यासाठी भूविज्ञान, द्रवांचे गणित आणि यंत्रविद्या एकाच माणसाला यावी लागते. अशी माणसे घडवायला वेगळी शाळा लागते, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

एप्रिल १९२० मध्ये सोव्हिएत रशियाची लाल सेना बाकूत आली. तेल उद्योग सरकारी झाला, मालक निघून गेले, उत्पादन आधीच ढासळले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाकू पॉलिटेक्निक संस्था स्थापन झाली. आधी तेल संस्था, मग औद्योगिक संस्था, मग तेल व रसायन संस्था अशी तिची नावे बदलत गेली. १९२२ मध्ये बाकूतच अभियंता मात्वेई कापेल्युश्निकोव्ह यांनी टर्बोड्रिल हे विहीर खोदण्याचे यंत्र साकारले. त्यात पाइपांची सगळी माळ न फिरवता तळाशी फक्त छिन्नी फिरते. विद्यार्थ्यांच्या दाराशी असे प्रयोग चालले होते.

नोबेलांच्या तेलक्षेत्रातल्या कामगाराचा मुलगा निकोलाय बायबाकोव्ह १९३२ मध्ये इथून अभियंता झाला. १९४२ मध्ये जर्मन सैन्य कॉकेशसमध्ये घुसले तेव्हा तेलविहिरी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्या निकामी करण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्याने विहिरी जगवण्याचे शिक्षण घेतले, त्यालाच त्या बुजवाव्या लागल्या. बाकूचे ड्रिलर आणि यंत्रे व्होल्गा-उरल भागात हलवली गेली. त्या नव्या तेलप्रदेशाला लोक ‘दुसरे बाकू’ म्हणत. १९४४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, बायबाकोव्ह सोव्हिएत तेल खात्याचा प्रमुख झाला.

दुसरा विद्यार्थी फरमान सलमानोव्ह, पदवी १९५४. सायबेरियात तेल आहे यावर वरिष्ठांचा भरवसा नव्हता. त्याने १९५७ मध्ये परवानगीविना आपली शोधतुकडी पश्चिम सायबेरियातल्या सुरगुतला नेली. १९६१ मध्ये त्याच भागातल्या मेगिऑन येथे तेल उसळले आणि पुढे पश्चिम सायबेरिया हाच सोव्हिएत तेलाचा कणा बनला. म्हणजे बाकूच्या पदवीधरानेच बाकूचे महत्त्व कमी केले! संस्थेचा त्याहून मोठा गौरव दुसरा कोणता असेल?

बाकूने स्वतःही जमीन सोडून समुद्र गाठला. १९४९ मध्ये कॅस्पियन समुद्रात ‘नेफ्त दाशलारी’ येथे तेल लागले आणि खांबांवर पूल टाकत पाण्यावर वस्तीच उभी राहिली.

मग परदेशी विद्यार्थी येऊ लागले. अंगोलाच्या मुक्तिलढ्यातला जोसे एदुआर्दो दोस सांतोस हा तरुण १९६९ मध्ये इथून पेट्रोलियम अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. १९७९ पासून २०१७ पर्यंत तो तेलसंपन्न अंगोलाचा राष्ट्राध्यक्ष होता.

सोव्हिएत संघ फुटल्यावर संस्था ‘राज्य तेल अकादमी’ झाली. १९९४ मध्ये अझरबैजानने परदेशी कंपन्यांशी कॅस्पियनमधल्या तेलाचा मोठा करार केला. बाहेरचे अभियंते पुन्हा बाकूत आले. या वेळी त्यांच्यासोबत बसायला बाकूत शिकलेले अभियंते होते. २०१५ पासून संस्थेचे नाव अझरबैजान राज्य तेल व उद्योग विद्यापीठ असे आहे.