ठाण्याच्या उकाड्यात पीसी जुळवताना

गेमिंग आणि कोडिंग दोन्हीसाठी एकच पीसी असेंबल करायचा म्हटलं की बोलणं सुरू होतं ते कोअर, गिगाहर्ट्झ आणि एफपीएसवरून (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा). माझं मत असं की ठाण्यात राहणाऱ्याने आधी वॅट बघावेत. पीसी जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. गेम चालू असताना ४५० वॅट खाणारा पीसी म्हणजे ४५० वॅटचा हीटरच. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याची आठव्या हिश्श्याची ताकद या एका डब्यामागे जाते.

कूलर हवेचा असो वा लिक्विड, तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. रिव्ह्यूमध्ये २२ अंशांच्या खोलीत ७५ वर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात वर्तकनगरमधल्या ३५ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८८ च्या आसपास जाईल. एएमडीच्या रायझन ७७००एक्स या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची. ती गाठली की तो स्वतःच वेग उतरवतो.

थोड्याशा वेगासाठी एवढी वीज का लागते? प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे सूक्ष्म स्विचांच्या, चालू-बंद होण्यात खर्च होणारी शक्ती वारंवारितेच्या (म्हणजे गिगाहर्ट्झमधल्या वेगाच्या) प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. आणि वेग चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. याच उष्णतेपायी इंटेलने २००४ साली ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. आता उलटा हिशेब करा. व्होल्टेज १० टक्के आणि वेग फक्त ५ टक्के उतरवला, तर ०.९ × ०.९ × ०.९५ म्हणजे ०.७७. वीज २३ टक्क्यांनी घटली! एएमडीच्या ७७००एक्स आणि ७७०० या दोन्हींत ८ कोअर, कमाल वेग ५.४ आणि ५.३ गिगाहर्ट्झ. पण विजेची कमाल मर्यादा एकाला १४२ वॅट, दुसऱ्याला ८८. मी डोळे झाकून ७७०० घेईन. एक्सवाला आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, विजेची मर्यादा उतरवणारा इको मोड चालू करा.

ग्राफिक कार्डातही तेच. २०२१ चं आरटीएक्स ३०६० कमाल १७० वॅट घेतं, २०२३ चं ४०६० फक्त ११५, आणि बहुतेक गेममध्ये तेच पुढे असतं. पण त्याची मेमरी ८ जीबी, जुन्याची १२. घरीच एआय मॉडेल चालवून बघायची असतील तर हे ४ जीबी वॅटपेक्षा मोलाचे. रॅम ३२ जीबी घ्या, पण १६ च्या दोन पट्ट्या, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनल (मार्ग) वापरात येतात.

कॅबिनेटवर मात्र थोडं थांबायला हवं. आतली ३५० वॅट उष्णता हवेला फक्त १० अंश तापवून बाहेर न्यायची, तर दर सेकंदाला सुमारे ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या हवा आत यायला हवी. समोर बंद काच असेल तर ती येणार कुठून? जाळीचाच दर्शनी भाग हवा. घोडबंदर रोडला बांधकामांची आणि रहदारीची धूळ एवढी, की फिल्टरवर करड्या लोकरीसारखा थर बसतो. तो बोटाने सोलून काढता येतो. म्हणून हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा. मग आत दाब किंचित वाढतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, काटकसर नको. भागांना ४०० वॅट हवे असतील, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस प्लगमधून ५०० वॅट ओढतो, ९० टक्केवाला ४४५ च्या आत. मधला फरक पुन्हा उष्णताच. शिवाय ग्राफिक कार्ड क्षणभर फार मोठी मागणी करतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकानुसार एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार पेलायला हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर खोक्यावर एटीएक्स ३.० छापलेलं आहे का ते बघूनच पैसे द्या.